पंपघरापाशी आत-बाहेर

वटवट्या नावाचा पक्षी ज्याने कोणी निर्माण केला, त्याला एकदा समोर बसवून चांगलं फैलावर घ्यायचं, असं पक्षीवालीच्या मनात गेल्या आठ दिवसांत निदान चाळीस वेळा येऊन गेलं होतं. मूठभर जीव. रंग वाळक्या बोरूचा, म्हणजे असला काय नि नसला काय, सारखंच. राहायला दोन पुरुष उंच बोरूचं रान, खाली गुडघाभर चिखल. उघड्यावर येऊन बसणं याच्या खानदानात नाही. पाण्याच्या वर हातभर, एका काडीवरून दुसऱ्या काडीवर आडवं सरकत डास, कोळी, अळ्या टिपायच्या आणि कोणी बघतंय असं वाटलं की काडीमागे व्हायचं. काडी करंगळीएवढी, तरी हा तिच्यामागे मावतो! आणि नाव काय, तर वटवट्या. वटवट करतो ती बायको मिळेपर्यंतच. ती मिळाली, चार काड्यांना गवत गुंडाळून घरटं विणून झालं, की तोंडाला कुलूप.

पक्षीवाली हे नाव तिला लोकांनी पाडलेलं. बावीस वर्षं ती एका सरकारी कचेरीत पक्षी मोजायचं काम करत होती, आणि तेही डोळ्यांपेक्षा कानांनी. धुकं असो, गर्द झाडी असो, एक चिर्र ऐकली की कोण आहे, किती लांब आहे, एकटा आहे की जोडीने, सगळं सांगायची. कचेरीत म्हणायचे, बाईंचे कान म्हणजे कान आहेत. तिलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

तळ्याकाठी नवी वसाहत झाली होती. वसाहतीच्या कमिटीला तळं हवं होतं, पण बोरू नको होता. बोरूत डास होतात, साप होतात, खिडकीतून पाणी दिसत नाही. डास खाणारा पक्षी त्याच बोरूत राहतो असं सांगायला गेलं तर कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "दाखवा की." झालं! दाखवा म्हणे. शेवटी कचेरीने तोडगा काढला. आठ दिवस, रोज सकाळी मोजणी. मोजणारे दोन, एक कचेरीचा आणि एक कमिटीने नेमलेला. दोघांच्याही तक्त्यात वटवट्या आला तर हंगाम संपेपर्यंत बोरूला हात लावायचा नाही. एकाच्या जरी तक्त्यात नसला तर सोमवारी कापणी. कापायचं यंत्र तर आधीच येऊन फाटकाशी उभं होतं, आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्याच सावलीत बसून पेपर वाचत होता. तो रोज तिला नमस्कार करायचा. त्याचाही तिला राग यायचा.

एक नियम मात्र कडक. दोघांनी आठ दिवस भेटायचं नाही, बोलायचं नाही, एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. ती पूर्व काठाला, तो पश्चिम काठाला, मधे बोरू. लांबून तिला त्याचं फक्त जाकीट दिसायचं. त्याला पुढेमागे मिळून पंधराएक खिसे होते, म्हणून तिने त्याचं नाव खिसेवाला ठेवलं होतं.

एवढं सगळं एकीकडे, आणि दुसरीकडे बाबा.

बाबांना घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. दोन महिन्यांत तीन पातेली जाळली होती. दूध गॅसवर ठेवायचं आणि खिडकीत जाऊन बसायचं. दूध उतू गेलं तरी यांना ऐकू येत नाही, आणि जळल्याचा वास आला तर म्हणायचे, शेजारी काहीतरी जळतंय. कानाचं मशीन होतं, चांगलं, महागाचं. पण बाबा ते सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. का, तर बॅटरी वाचते! आता या माणसापुढे डोकं आपटायचं की भिंतीवर, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

तेव्हा बाबाही रोज पहाटे तिच्याबरोबर तळ्यावर. त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न होता. तिच्याजवळ बसवलं तर ते मोठ्याने बोलत. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. पहिल्याच दिवशी ते ओरडले, "अगं, चहा आणलाय का?" आणि अर्ध्या तळ्यावरची बदकं उडाली.

"बाबा, ओरडू नका! पाखरं बुजतात!"

"काय?"

मग तिने त्यांना दक्षिणेच्या कोपऱ्यात, पंपघरापाशी नेऊन बसवलं. घडीची खुर्ची, छत्री, थर्मास. तिथे समोर बोरूत लोखंडी खांबांची रांग होती, आणि पंपाची घरघर दिवसभर चालू असायची. तिच्या कामाचा तो कोपराच नव्हता, कारण जिथे स्वतःचा श्वास ऐकू येत नाही तिथे पक्षी कसला ऐकू येणार? आठ दिवसांत तिने तिथे एकदाही कान लावला नाही. खिसेवाल्यानेही नाही. बाबांना घरघरीचा त्रास नव्हता. बाबांना ती ऐकूच येत नव्हती.

बाबांची नोकरी सगळी गिरणीच्या फाटकावर गेली होती. टाइमकीपर. छत्तीस वर्षं कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, हे लिहिलं. नोकरी संपली, गिरणी बंद झाली, फाटक भंगारात गेलं, सवय गेली नाही. घरी खिडकीत बसून दूधवाला, पोस्टमन, समोरची जोशात जिने चढणारी बाई, सगळ्यांची नोंद लांबट वहीत. "परवा तू सात वीसला आलीस," असं ते जेवताना सांगत. बावन्न वर्षांच्या बाईला वडिलांनी हे सांगावं! ती म्हणायची, "मग काय, पगार कापणार आहात का?" ते म्हणायचे, "काय?"

दुसऱ्या दिवशी ती आठच्या सुमाराला डबा द्यायला गेली तर बाबा म्हणाले, "बाळ, इथे एक चिमणी ये-जा करते."

बाबांना जगातलं प्रत्येक लहान पाखरू म्हणजे चिमणी. पक्षी मोजणाऱ्या मुलीचा बाप!

"चिमण्या सगळीकडे असतात, बाबा."

"ही शिस्तीची आहे."

"असू दे हं," म्हणत ती डबा ठेवून परतली. तिला थांबायला वेळ कुठे होता? त्याच सकाळी तिला वटवट्या मिळाला होता. म्हणजे ऐकू आला होता. लपणाऱ्या पक्ष्याला बोलतं करायची एक रीत असते. त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज छोट्या स्पीकरवर अर्धा मिनिट वाजवायचा आणि गप्प बसायचं. आपल्या हद्दीत दुसरा कोण शिरला, म्हणून घरचा नर चिडून उत्तर देतो. तिने कचेरीच्या संग्रहातलं, सगळेच मोजणारे वापरतात ते रेकॉर्डिंग लावलं, बंद केलं, आणि पाच मिनिटांनी बोरूच्या पलीकडून उत्तर आलं. चर्र-चर्र, कीट-कीट-कीट, चर्र. तक्त्यात तिने लिहिलं, एक नर, गातो, उत्तर देतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. दिसायचा मात्र नाही. ती चिखलात उतरली, बूट गमावला, डासांनी मान फोडून काढली, पण मेल्याचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. जवळ गेलं की गप्प, लांब आलं की सुरू.

"बाळ," पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "दुसरी पाळी सुरू झाली. आता दोघं आहेत. ओव्हरटाइम चाललाय."

"बाबा, कृपा करा आणि मला जरा काम करू द्या."

"बघ तरी वही."

"नंतर बघते."

सहाव्या दिवशी तर ती डबा द्यायलाच गेली नाही. उत्तर देणारा नर त्या दिवशी इतका तापला होता की तिला स्पीकरपासून हलवेना. घरी जाताना बाबा वही काखेत धरून गाडीत बसले.

आठव्या दिवशी, साडेनऊला, तिने शेवटचं म्हणून रेकॉर्डिंग लावलं. अर्ध्या मिनिटाने बंद केलं, पेन काढलं, वाट बघितली. पलीकडून उत्तर आलं. चर्र-चर्र, कीट-कीट-कीट. आज वारा अगदी पडलेला, आवाज स्वच्छ. तिने वेळ लिहिली. पक्षी थांबेना. एक मिनिट गायला, दोन मिनिटं गायला. आणि मग वटवट्या खोकला.

चांगला घसा साफ करून खोकला, आणि म्हणाला, "झालं, बंद कर."

हा खोकला पक्षीवालीच्या ओळखीचा होता. संग्रहातल्या रेकॉर्डिंगच्या शेवटी, ज्या कोणी ते केलं होतं तो गृहस्थ खोकतो आणि सोबत्याला असंच सांगतो. ती नेहमी त्याच्या आधीच बंद करायची. मग डोक्यात तिडीक गेली, आणि नियम गेला खड्ड्यात म्हणत ती बांधावरून तरातरा पश्चिम काठाला निघाली.

खिसेवाला एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात झाकण धरून उभा होता. पायाशी स्पीकर. तिला बघून तो दचकला.

"मॅडम, आपल्याला बोलायची परवानगी नाहीये."

"किती दिवस वाजवताय हे?"

"पहिल्या दिवसापासून. आज चहा ओतत होतो, बंद करायचं राहिलं. का?"

"आणि उत्तर मिळतं?"

"रोज!" त्याचा चेहरा उजळला. "पूर्वेकडून. काय तापट नर आहे, मॅडम! मी वाजवलं की..." आणि मग त्याची नजर तिच्या गळ्यात अडकवलेल्या स्पीकरवर गेली. झाकणातला चहा त्याच्या बुटावर सांडला तरी त्याला कळलं नाही.

आठ दिवस दोन शहाणी माणसं तळ्याच्या दोन काठांवर बसून एकमेकांच्या स्पीकरला चिडवत होती. आणि दोघांच्या तक्त्यांत, स्वच्छ अक्षरात, रोजच्या वेळेसह, वटवट्या होता.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काय, कप्पाळ! बाराला तक्ते द्यायचेत."

तो जरा घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पण दोन्ही तक्ते जुळतात. दोघांनीही लबाडी केलेली नाही, मनापासून लिहिलंय. हे असंच दिलं तर बोरू वाचतो. मला काही कमिटीचं प्रेम नाही. ते पैसे देतात, मी मोजतो."

ती बोरूकडे बघत राहिली. या शहराभोवतालची तीन तळी तिच्या डोळ्यांदेखत बुजली होती, आणि तिन्ही वेळा तिचे तक्ते खरे होते. एकदा, फक्त एकदा, खोटा गेला तर कोणाचं काय बिघडणार होतं? खोकला दोघांनीच ऐकला होता. फाटकाशी यंत्राचा ड्रायव्हर पेपरची घडी घालत होता. तिला रडू यायला लागलं आणि त्याचाही संताप आला.

"मी बावीस वर्षं ऐकलेलं लिहिते," ती म्हणाली. "हे मी ऐकलेलं नाही. हा तुमचा चहा ऐकलाय मी. आज हा तक्ता खरा म्हणून दिला तर आधीचे सगळे कशाच्या जोरावर खरे म्हणू?"

"मग सोमवारी कापणी."

"माहीत आहे मला! सांगू नका!"

तिने पेन काढलं आणि त्याच्यासमोरच सात दिवसांच्या ओळींवर रेघा मारल्या. शेवटची इतकी जोरात मारली की कागद फाटला. मग ती बाबांना आणायला पंपघराकडे निघाली. खिसेवाला मागोमाग आला, कदाचित एकटं राहवेना म्हणून.

बाबा खुर्चीत होते. हालचाल नाही, मान नाही, नुसते डोळे आणि बोटांतलं पेन. आठ दिवस बसून बसून ते त्या कोपऱ्यातल्या खांबासारखे झाले होते.

"बाबा, चला! आटपलं सगळं!" ती पंपाच्या घरघरीवर ओरडली.

बाबांनी वर न बघता डावा हात उचलला. थांब. फाटकावर लॉरी अडवायला उचलत तसा.

तो हात बघून तिचा तोल गेला. आठ दिवसांचा चिखल, डास, बूट, सगळं एकदम वर आलं. "काय थांबायचं, बाबा? कशासाठी? जग बुडतंय आणि तुम्ही बसा चिमण्यांची हजेरी घेत!" आणि तिने त्यांच्या मांडीवरची वही ओढून घेतली.

वही तिला उलटी लागली होती. तिने सरळ केली. सहज नजर गेली, आणि तिथेच राहिली.

"आत ९.४१. तोंडात अळी. बाहेर ९.४२. आत ९.४६, दुसरी, तोंडात पंखवाला किडा. बाहेर ९.४७, तोंडात पांढरं काही. (कचरा बाहेर नेतात. घरात टाकत नाहीत.) आत ९.५०."

तिने मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. पहिल्या तीन दिवसांत ये-जा थोडी, तासाला एखादी. चौथ्या दिवशी एकदम वाढलेली. पाचव्यापासून दर चार-पाच मिनिटांनी. जागा एकच, तिसऱ्या लोखंडी खांबाच्या डावीकडे, पाण्यापासून दोन हात वर. वर्णन टाइमकीपरच्या शब्दांत: "उंची बोटभर जास्त चिमणीपेक्षा. अंगावर पट्टे नाहीत. डोळ्यावर फिकट रेघ. आवाज: माहीत नाही."

अंडी उबवणं, पिल्लं फुटणं, भरवणं, विष्ठा बाहेर नेणं. एकही शब्द न वापरता सगळं लिहिलेलं होतं. वटवट्या घर झाल्यावर गप्प होतो, हे तिला बावीस वर्षं ठाऊक होतं, आणि तरी आठ दिवस ती गाणं शोधत हिंडली होती.

खिसेवाला तिच्या खांद्यावरून वाचत होता. "मॅडम," तो पुटपुटला, "काखेत कळसा आणि..."

"म्हण पुरी केलीत तर तळ्यात ढकलीन."

त्याच क्षणी तिसऱ्या खांबाच्या डावीकडे एक काडी हलली. वारा नव्हता. काडीमागून एक मातकट डोकं निघालं, चोचीत हिरवी अळी. त्याने बाबांकडे बघितलं, बाबा रोजचेच होते, आणि आडवं सरकत ते आत गेलं. आत काड्यांच्या मधे विणलेल्या वाटीतून तीन पिवळ्या चोची वर आल्या. खिसेवाल्याने कुठल्याशा खिशातून कॅमेरा काढला आणि लागोपाठ फोटो घेतले. मग त्याने आपला तक्ता काढला, जुन्या ओळींवर रेघा मारल्या आणि खाली नवीन ओळ लिहिली. तिनेही आपल्या फाटक्या तक्त्याखाली तशीच ओळ लिहिली.

पक्षीवालीने बाबांच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, ही पानं हवीत मला. कचेरीत द्यायला. फाडू?"

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. "रजिस्टरचं पान फाडत नसतात," ते म्हणाले. "न्यायची तर अख्खी ने. आणि परत आण."

ती अख्खी वही चाळायला लागली, कुठून कुठपर्यंत दाखवायची ते बघायला. तेव्हा तिला त्या नोंदी दिसल्या. त्याच रकान्यांत, पाखरांच्या मधे मधे.

"मुलगी आली ८.०७. डबा. गेली ८.०८."

"मुलगी आली ८.१२. गेली ८.१२."

"मुलगी आली ८.०५. वही नंतर बघते म्हणाली. गेली ८.०६."

सहाव्या दिवशी: "मुलगी आली नाही. ८.३० पर्यंत बघितलं. ९ पर्यंत बघितलं." आणि खाली, "आत ९.०२, तोंडात कोळी."

अक्षर एकसारखं होतं. तक्रार कुठेच नव्हती. दूधवाल्याची नोंद करावी तशी तिची नोंद होती. तिला लाज वाटली, इतकी की खिसेवाल्याकडे तोंड करून उभं राहवेना. हा माणूस रोज तिला सांगत होता. ती रोज गप्प बसा म्हणत होती. कचेरीत म्हणे हिचे कान म्हणजे कान!

बाराला अजून दोन तास होते. तिने पंपघराच्या दारातली लाकडी पेटी ओढून आणली आणि खुर्चीला लागून बसली. वही बाबांच्या मांडीवर परत ठेवली. बाबांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं, "मुलगी आली १०.०१." पेन पुढच्या रकान्यावर नेऊन ते थांबले, नेहमीसारखे.

"ते लिहू नका इतक्यात," ती म्हणाली. "मी बसणार आहे."

"काय?"

तिने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, कानाचं मशीन काढलं, पुसलं आणि त्यांच्या कानात बसवलं. मग पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून पुन्हा म्हणाली, "मी बसणार आहे, बाबा! इथेच! तुमच्याजवळ!"

बाबांनी चटकन बोट ओठांवर ठेवलं.

"ऐकू येतंय," ते म्हणाले. "ओरडू नकोस. पाखरं बुजतात."